पडद्यामागचं एक मत

अक्रोड... तळाशी अजून फिरतोय, ऐकू येतंय. तांब्याच्या हंड्यात कवचासकट टाकलेला अक्रोड ढवळायच्या दांड्याबरोबर गडगडत राहिला की समजायचं, आलुबुखाराचा मुरंबा बुडाला लागलेला नाही. आणि आपला कान तेवढ्याच आवाजाकडे आहे असं हेडविग स्वतःला बजावत होती. खरं म्हणजे कान होता खिडकीतल्या रेडिओकडे. रेडिओवरच्या बाईनं मघाशी, हवामान सांगावं तशा आवाजात सांगून टाकलं होतं, की कॉर्डुलाला, तिच्या लेकीला, मुख्यमंत्री निवडायच्या गुप्त मतदानात पहिल्या फेरीत एक मत कमी पडलं. एकच. विधानसभेत तिच्या बाजूची माणसं अगदी लागतील तेवढीच, आणि त्यांच्यातलाच कोणीतरी मतदानाच्या पडद्याआड गेला आणि... दुसऱ्या फेरीतही हेच झालं तर मुख्यमंत्रिपद गेलं. तिसऱ्यांदा हात पसरणार नाही, असं पोरीनं सकाळीच फोनवर आईला सांगून ठेवलं होतं.

हंड्याच्या पलीकडे रोस्विटा. चाळीस वर्षांचा शेजार. तिचा पोरगा फोल्कमार विधानसभेत त्याच बाकांवर बसतो, कॉर्डुलाच्या मागं. हेडविगनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. पण वाफेनं लाल झालेल्या तोंडात काय दिसणार, कपाळ?

मत न देणारा तोच, दुसरा कोण. जिल्ह्याचं बाळंतपणाचं इस्पितळ कॉर्डुलाच्या सरकारनं बंद केलं तेव्हापासून डूख धरून बसलाय. आमच्या बायकांनी काय रस्त्यात बाळंत व्हायचं, असं गावच्या खानावळीत चार माणसांत बोलला होता, आणि कॉर्डुलानं — तिनं नाही धाडला कुणी सचिव, स्वतः आली, एकटी, त्याच खानावळीत भिंतीला न टेकता उभी राहिली, शेवटची बाई बोलून बोलून दमेपर्यंत उभी, मग म्हणाली की दाई मिळत नाही, डॉक्टर मिळत नाही, आणि नुसत्या दारावरच्या पाटीनं पोरं जन्मत नाहीत. आणि सगळे गेल्यावर खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या. माझ्या पोटची. दूधसंघाच्या प्रयोगशाळेत बाटल्या हलवणारी पोर, गावची सरपंच झाली, मग जिल्ह्यात गेली, मग मंत्री, मग अख्खं राज्य तिच्या हाती... पण खुर्च्या रचायची सवय काही सुटली नाही. आणि हा फोल्कमार, ज्याचं नाक मी पुसलंय —

"हात थांबला तुझा," रोस्विटा म्हणाली.

"थांबला नाही. तुझ्या पोरानं काय केलं, ते विचारत होता."

रोस्विटानं दांडा आपल्याकडे ओढला, दोनदा खरवडून तळ बघितला, मगच तोंड उघडलं. "मी त्याला विचारलं नाही. विचारणारही नाही. विचारणाऱ्यांच्या राज्यात अर्धा जन्म काढला आपण, हेडविग. तेवढा पुरे झाला."

बोलायला काय जातं हिचं, मुख्यमंत्री का हिच्या घरची आहे... पण ते बोलणं हेडविगच्या ओठावरच राहिलं, कारण मध्येच डोळ्यांपुढे मतदानाची ती शाळेची खोली आली — भिंत पडायच्या, जुनी राजवट जायच्या आधीचा वसंत, लाकडी जमीन, टेबलामागं बसलेला तो वही-पेन्सिलवाला. नावं आधीच छापलेला कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा, घरी जायचं. मत म्हणजे तेवढंच. कुणाला नाव खोडायचं तर पडदा होता, नाही असं नाही, पार लांबच्या कोपऱ्यात. पण तिकडे जाणाऱ्याचं नाव टिपलं जायचं, म्हणून कोणी जात नसे. कॉर्डुला गेली. एकोणीस वर्षांची, नव्या बुटांची करकर अख्ख्या खोलीला ऐकवत गेली, आणि सगळं गाव खिडकीबाहेर बघायला लागलं. बाहेर आली तेव्हा चेहरा असा, जसं काही कोपऱ्यावरून पाव घेऊन आली. पेपरवाले काहीही लिहोत, पोर पुढारी झाली ती त्या खोलीत. आणि तिच्यामागून गेली होती... ही. रोस्विटा. आत जाऊन काय खोडलं ते हिनं आजवर सांगितलं नाही, आणि मीही कधी —

रेडिओवर दुसऱ्या फेरीची नावं पुकारायला लागले होते. एकेक नाव, मग पावलं, मग काहीच नाही. कॉर्डुला आता पहिल्या बाकावर ताठ बसली असेल. मागं वळून कोण आत गेला, कोण किती वेळ राहिला, हे ती बघणार नाही. बघेल तर ती माझी नव्हे.

मघापासून त्या एकासाठी शिवी तयार होती, चांगली घासूनपुसून ठेवलेली. ती आता शोधूनही सापडेना.

फोल्कमारचं नाव आलं. रोस्विटानं मान वर केली नाही. हेडविगनं तिच्या हाताशेजारी दांड्यावर हात ठेवला आणि दोघी मिळून हाटत राहिल्या. पोरगी हरावी असं नव्हे, छे, जिंकायलाच हवी... पण आत जो कोणी उभा असेल त्याच्या पाठीमागून डोकवायला कोणी जाऊ नये, त्याला लागेल तेवढा वेळ त्यानं घ्यावा, असं काहीतरी मनात उमटत होतं. हे आपलं म्हणणं की पोरीचं, ते तिला कळेना. आणि कळत नाही याचा, कधी नव्हे तो, तिला राग येईना.