एक्केचाळीस पेन्सिलखुणा

मुळात माझी पाने तीनशे बारा. आज तीनशे आठ उरली आहेत. कण्यावर दोन चिकटपट्ट्या आणि चाळिसाव्या पानावर चहाचा एक गोल डाग. मित्रांनो, मी एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे.

माझ्यात अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका मुलीची गोष्ट आहे. स्थळे येतात, वडील बोलतात, ती मान खाली घालते. लेखक त्याला शालीनता म्हणतो आणि शेवटी तिचे लग्न लावून देतो.

रत्नागिरीच्या कॉलेजात बशीरने माझा अभ्यास केला. नोकरीसाठी दोहाला येताना त्याने मला बॅगेत घातले. मग वीस वर्षे मी कपाटावर पडून होते. दमट हवेने माझा डिंक सुटला. गेल्या महिन्यात त्याच्या मुलीने, इकराने, मला खाली काढले. ती रसायनशास्त्र शिकते. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मुलीच्या लग्नाचे बोलणे निघाले, तिथे तिने समासात पेन्सिलीने खूण केली. एक्केचाळीस खुणा झाल्या. मुलीलाच तिची पसंती विचारली असेल, तिथे ती गोल करणार होती. गोल एकही झाला नाही.

घरात इकराच्या लग्नाचे बोलणे आधी पाच वेळा झाले होते. त्याच आठवड्यात तिला मागणी घालायला आफताबच्या घरचे आले. मी टीपॉयवर होते. इकराला मराठी कळते, पण उत्तर इंग्रजीत येते, आणि मोठ्यांपुढे ते उद्धट दिसते. म्हणून तिची आई समीना हिने आधीच बजावले होते, "तू फक्त सलाम कर." तिने सलाम केला आणि गप्प बसली.

"लाजली बघा!" बशीरची बहीण रबिया हसली. "पोरगी गप्प, म्हणजे कबूल. यल्ला, चला, तारीख काढा!"

"इन्शाल्ला, ईदनंतर," बशीर म्हणाला.

इकराने मला टीपॉयवरून उचलले. तिचा अंगठा माझ्या पुठ्ठ्यात रुतला. पाहुणे गेल्यावर तिने मला बशीरपुढे उघडले आणि खूण कशाची, गोल कशाचा ते इंग्रजीत सांगितले. "अब्बा, मोजा."

त्याने मोजले. एक पान सुटून त्याच्या मांडीवर पडले.

"गोष्टीतल्या पोरीचं काय घेऊन बसलास, बशीर?" रबिया म्हणाली. "त्यांना शब्द दिलाय आपण."

"आपण दिलाय," तो म्हणाला. मग वळला. "इकरा, तुला पसंत आहे का?"

"नाही, अब्बा. मला... अजून शिकायचंय." अडखळली, पण मराठीत बोलली.

समीना उठून आत गेली. आफताबच्या घरून बशीरचा फोन वाजत राहिला.

मित्रांनो, आमची सुटलेली पाने चिकटवा. पण नुसते कपाटावर जपू नका. वाचा, समासात लिहा.

माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर इकराने लिहिले आहे:

पुस्तकात: बोलणी ४१, विचारले ०.
आमच्या घरी: बोलणी ६, विचारले १.