सालीतली गोळी

मित्रांनो, मी एक जुना, ॲल्युमिनियमचा, लिंबू पिळायचा चिमटा आहे. दोन दांडे, एका टोकाला बारीक भोकांची वाटी आणि त्या वाटीत दाबून बसणारा फुगीर गोळा, एवढंच माझं शरीर. ओतकामाच्या कारखान्यात वितळलेल्या धातूतून मी साच्यात उतरलो तेव्हा आरशासारखा चमकत होतो. आज माझ्या वाटीला खडबडीत चट्टे पडलेत. आंबट रसाने धातू खाल्ला. त्याचं मला दुःख नाही, ते माझं कामच होतं. दुःख वेगळ्याच गोष्टीचं आहे.

मला घरी आणलं ते एका मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांचे यजमान वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचे. आल्या आल्या मला कामाला जुंपलं, कारण यजमानांना मूतखड्याचा त्रास सुरू झाला होता. कळ आली की हा धिप्पाड माणूस जमिनीवर गडाबडा लोळायचा. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, "पाणी भरपूर प्या. त्यात थोडं लिंबू पिळत जा. खडे पुन्हा धरायला त्याने अडथळा होतो."

मग रोज सकाळी बाई माझ्यात अर्धं लिंबू ठेवायच्या, दांडे आवळायच्या आणि मोठ्या पेल्यात रस पडायचा. खडे पुन्हा झाले नाहीत. यजमान मला हातात घेऊन पाहुण्यांना दाखवायचे, "हा आमच्या घरचा वैद्य!" मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी फार ताठ्यात होतो.

रक्तदाबाची एक गोळीही त्यांना रोज घ्यायची होती. बाई घाईत असायच्या. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पेला द्यायच्या आणि साडीला पिन लावत बाहेर पडायच्या. "अहो, गोळी विसरू नका हं," एवढं दारातून.

एकदा बाईंचा धाकटा भाऊ आला. त्याला प्रत्येक गोष्टीतलं सगळं कळायचं. बहीण आत गेलेली पाहून तो हळूच म्हणाला, "दाजी, गोळ्या कसल्या घेता? एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाही. लिंबू चालू आहे ना? मग बास. लिंबाने रक्त आपोआप ताळ्यावर येतं. फक्त एका लिंबाने काय होणार, दोन-तीन घ्या, तेही बिनपाण्याचं. आणि ताईला सांगू नका, ती उगाच घाबरते."

दुसऱ्या दिवशी बाई गेल्यावर यजमान स्वयंपाकघरात आले. माझी वाटी उघडली. पिळलेल्या सालीत ती पांढरी गोळी दाबली, माझे दांडे मिटून साल चुरगाळली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली. मग आणखी दोन लिंबं पिळून निव्वळ रस प्यायले. पुढे हे रोजचंच झालं. ज्या हातांनी मला वैद्य म्हटलं, त्याच हातांनी मला लबाडीत ओढलं. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही.

निव्वळ रसाने त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. दात आंबले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांना टेकलं की ते कळवळायचे. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "आंबट फार घेता का? दातांवरचं कवच झिजलंय. रस पाण्यात घ्या, नळीने घ्या, वर चूळ भरा. आणि लगेच दात घासू नका." घरी येऊन यजमान बाईंना म्हणाले, "काही नाही गं, वयाचं आहे."

बाईंनी विश्वास ठेवला. रात्री शीळ घालत ताटं मांडणारा माणूस खोटं बोलत असेल, असं कुणाला वाटेल?

एका सकाळी यजमान तालमीला उशीर झाला म्हणून धावत सुटले. सालीतली गोळी माझ्यातच राहिली. त्याच दुपारी तालमीत त्यांच्या हातून क्लॅरिनेट पडलं. उचलायला वाकले, तर उजवा हात उठेना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती.

हे मला नंतर, बाई फोनवर बोलताना कळलं. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं होतं, "गोळी नियमित चालू होती?" आणि बाई ठणकावून म्हणाल्या होत्या, "मी माझ्या हाताने देते. एक दिवस चुकला नाही!" यजमान पलंगावर पडून ऐकत होते.

काही दिवसांनी बाई पेज न्यायला घरी आल्या. ओट्यावर मी तसाच मिटलेला होतो. धुवायला म्हणून त्यांनी मला उघडलं. वाळून कडक झालेली साल खाली पडून फुटली आणि आतून गोळी निघाली. बाईंनी ती बोटावर घेतली. खिडकीपाशी नेली. एखादी छपाईची चूक तपासावी तशी उलटसुलट पाहिली. मग तिथेच फरशीवर बसल्या.

आणि मग त्यांनी मला उचलून खिळे-स्क्रूंच्या डब्यात फेकलं. झाकण आदळलं. मित्रांनो, मी काय केलं होतं?

यजमान घरी आले त्या दिवशी डबा स्वयंपाकघराच्या फळीवरच होता, म्हणून सगळं कानी पडलं.

"डॉक्टरांसमोर मला खोटं पाडलंत," बाई म्हणाल्या.

"तुझाच भाऊ..." त्यांची जीभ अजून जड होती. "लिंबाने... घात केला."

"लिंबू तुमच्याशी काही बोललं होतं का? भाऊ मूर्ख आहे, त्याच्याशी मी बघते. पण रोज सकाळी माझ्या हातातून गोळी घेऊन हसत होतात, ते हसू कुणी शिकवलं?"

भावाला बाईंनी पुढे घरात पाऊल ठेवू दिलं नाही.

महिने गेले. खड्याची कळ पुन्हा डोकावली तेव्हा जुने डॉक्टर म्हणाले, "लिंबू वाईट नाही हो. पाण्यात घातलेलं थोडं लिंबू अजूनही चालेल. त्याला गोळीच्या गादीवर बसवलंत, तिथे घोळ झाला." बाईंनी मला डब्यातून काढलं, चिंचेने घासलं. आता रस थोडा, पाणी भरपूर, आणि पेल्यात नळी. क्लॅरिनेट मात्र कपाटात गेलं. उजव्या बोटांना भोकं सापडत नाहीत.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला वापरा, धुऊन कोरडा करून ठेवा. जितकं माझ्याकडून होतं तितकंच मागा; औषधाचं काम मला सांगू नका. आणि तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकणारं माणूस घरात असेल, तर त्याला माझ्याहून जपून वापरा.

काल यजमानांनी गोळी गिळली आणि म्हणाले, "आता तरी विश्वास ठेव गं."

"ठेवला होता," बाई म्हणाल्या. "आ करा. जीभ वर. आता दुसरी बाजू."