गोधडीतला अ‍ॅम्प्लिफायर

संजय शेवटचा खिळा ठोकणार तेवढ्यात त्याच्या आईने, बिजलीबाईने, हातातली हातोडी काढून घेतली.

"खोल तो खोका. असा धाडला त हाही फुटते."

"याडी, एसटीची येळ होऊन राह्यली."

"जाऊ दे. उद्या का दुसरी येत नाई?"

लग्नाच्या मांडवांतून आणि फिरत्या टॉकीजमधून बाद झालेले अ‍ॅम्प्लिफायर संजय पुसदहून तांड्यावर आणायचा, बोलते करायचा आणि शहरातल्या शौकिनांना विकायचा. यंत्र वाजायचं झकास, पण वाटेतच त्याचं वाटोळं व्हायचं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि घरात आढ्यापर्यंत ढीग पडून होता. फुकटची गादी म्हणून पहिलं यंत्र त्याने सुट्या कापसातच खुपसून धाडलं, तर तंतू आणि सरकी थेट यंत्राच्या पोटात शिरली. दुसरं कडब्यात धाडलं. खोका धड पोचला, आत मात्र काचेच्या वाल्वांचा चुरा आणि पत्र्याला हा मोठा पोचा. ज्या यंत्रावर चार शौकीन टपलेले असतात, त्याला एक पोचा पडला की कुणी विचारत नाही. घेणाऱ्याने सरळ भंगाराचा भाव लावला.

हे तिसरं. हेही फुटलं तर अवजारं बांधून ऊसतोडीला जायचं, असं संजयने ठरवून टाकलं होतं. बिजलीबाईचं अर्धं आयुष्य त्याच फडात गेलेलं. पोराच्या हाती तिला कोयता बघायचा नव्हता.

तिने जुन्या लुगड्याची गोधडी शिवायला घेतली. सरकी काढलेला कापूस आत दाबून भरला, यंत्राच्या अंगाबरोबर बसेल असं अंगरखाच बेतला आणि वाल्व काढायला लावून एकेकाला वेगळा खिसा दिला. मग खोका ओट्याच्या काठावर सरकवून म्हणाली, लोट. तिचा आजा बैलांवर मीठ वाहायचा. नवीन बांधलेलं ओझं तो आधी उतारावरून लोटून बघायचा; फुटायचं तर दारात फुटू दे, असं त्याचं म्हणणं.

संजयने डोळे मिटून खोका लोटला. तो दणकन अंगणात आपटला. उघडून पाहिलं, तर एकही वाल्व तडकला नव्हता.

चार दिवसांनी नागपूरहून यंत्र घेणाऱ्या चारुदत्तसाहेबांचा फोन आला. यंत्रावर ओरखडासुद्धा नाही, ठरल्यातला एक पैसा कापणार नाही, आणखी दोघांना असंच हवंय, असं ते एका दमात बोलले. मग त्यांनी फोन स्पीकरपाशी धरला. संजयने तो आईच्या कानाला लावला. आत सनई वाजत होती. बिजलीबाईला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

त्याच आठवड्यात व्यापाऱ्याची गाडी दारात लागली. त्याने कापूस मुठीत दाबला, पिवळा पडलाय म्हणत तोंड वाकडं केलं आणि मनाला येईल तो भाव सांगितला. इतकी वर्षं अशा वेळी बिजलीबाई काही न बोलता काट्याकडे बघत राहायची. आज ती उंबऱ्यात बसून सुईत दोरा ओवत होती.

"नाई देत," ती म्हणाली. "आता थांबता येते मले."

व्यापारी हसला. ती हसली नाही. गाडी रिकामीच वळली. बिजलीबाईने पुढचं यंत्र मांडीशी ओढलं आणि वितीने त्याची रुंदी मापू लागली.