बाबांनी शिवलेला फिल्टर

मित्रांनो, मी एक जुना एअर फिल्टर आहे. चिखलमातीतून, खड्ड्यांवरून उड्या मारत पळणारी उंच मोटारसायकल तुम्ही पाहिली असेल. तिच्या सीटखालच्या काळ्या डब्यात मी राहत होतो. इंजिनाला श्वास घ्यायला हवा लागते आणि त्या हवेतली धूळ अडवणे हे माझे काम. थोडक्यात, इंजिनाने जेवायचे आणि त्याच्या ताटातली घाण मी खायची. या कामाची मला आयुष्यभर शिसारी आली, हे मी मुळीच लपवणार नाही.

कारखान्यात जन्मलो तेव्हा मी पिवळाधमक, लुसलुशीत स्पंज होतो. माझे दोन तुकडे गोंदाने घट्ट चिकटवून मला टोपीसारखा आकार दिला होता. स्वच्छ पिशवीत बसून मी दुकानात आलो. आयुष्य असेच जाणार, असे मला वाटले होते. किती खुळा होतो मी!

पहिल्याच दिवशी माझ्या तोंडावर धूळ, डासांचे पंख आणि शेणाची भुकटी येऊन बसली. एकदा एक अख्खा भुंगा आदळला आणि तीन दिवस माझ्या गालावर कुजत राहिला. शी! आठवले तरी मळमळते.

माझी मालकीण एक तरुण मुलगी होती. शर्यती जिंकायच्या, एवढेच तिच्या डोक्यात. तिचे वडील शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे शिलाईचे दुकान होते आणि मागच्या व्हरांड्यात आमची गाडी. बाबांच्या शिवणीची सगळ्या गल्लीत वाहवा होती.

दर सरावानंतर मुलगी मला धुवायची. आधी रॉकेलमध्ये बुडवायचे, मग साबणाच्या पाण्यात. माझ्यातून जे काळे पाणी निघे, ते पाहून मीच तोंड फिरवत असे. सावलीत वाळलो की अंगभर चिकट तेल चोळायचे, म्हणजे धूळ त्यात अडकून बसते. न्हाऊनमाखून लगेच चिकटगोळा! पण ती हे सगळे मनापासून करायची, म्हणून मी मूग गिळून बसायचो.

“दाबून पाणी काढ, पिळू नकोस,” असे गॅरेजवाल्या मामांनी तिला दहादा बजावले होते. मोठ्या शर्यतीच्या आठवड्यात मात्र ती घाईत होती. तिने मला ओल्या फडक्यासारखे पिळले आणि माझा सांधा दोन बोटे उसवला.

“मामांकडून नवा आणते,” ती म्हणाली.

“नवा कशाला? आण इकडे,” बाबा म्हणाले. “उसवलेलं शिवायला घरात शिंपी बसलाय की!”

त्यांनी सुईत दोरा ओवला आणि बारीक, एकसारखे, दुहेरी टाके घातले. मग ते प्रत्येक गिऱ्हाइकाला मला दाखवत सुटले. “इंजिनाचे कपडेसुद्धा आता आमच्याकडेच शिवतात!” लोक हसायचे, माझे कौतुक करायचे. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे नाक न मुरडता पाहत होते. मी फुगून गेलो.

पण मित्रांनो, कापडाला सुईचे भोक चालते, फिल्टरला नाही. पुढच्या सरावात प्रत्येक टाक्याच्या भोकातून बारीक धूळ आत शिरू लागली. इतकी वर्षे मला घाणीची किळस होती. त्या दिवशी घाण माझ्यातून आरपार जाताना मला माझीच किळस आली.

शुक्रवारी मुलीने मला काढले आणि माझ्यामागच्या, इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीत बोट फिरवले. बोट मातीने भरले. ती तशीच मामांकडे धावली.

“ही धूळ इंजिन आतून खरवडते, पोरी,” मामा म्हणाले. “उडी मारताना गाडी बंद पडली, तर कुठं जाऊन पडशील?” त्यांनी तिच्या हातात नवा फिल्टर ठेवला.

ती घरी आली, तेव्हा बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, “रविवारी माझी शिवण पळणार बघा!” मुलगी दारातच थांबली. तिने नवा फिल्टर पिशवीच्या तळाशी ढकलला. नळी पुसली, मला धुतले, तेल लावले आणि परत डब्यात बसवले. मी किंचाळलो असतो, पण स्पंजला कुठला आवाज?

शनिवारी तिने पुन्हा थोडा सराव केला. रविवारी शर्यतीच्या मैदानावर ती नाव नोंदवायला गेली. बाबांना राहवले नाही. आपले टाके एकदा पाहावेत म्हणून त्यांनी सीट उघडून मला बाहेर काढले. माझ्यामागची नळी त्यांना दिसली. त्यांनी खिशातली पांढऱ्या कापडाची चिंधी नळीत फिरवली. चिंधी मातकट झाली. मग नळी खोलून पाहायला पान्हा हवा म्हणून त्यांनी लेकीची पिशवी उघडली आणि तळाशी तो नवा फिल्टर सापडला.

मुलगी परत आली आणि जागीच खिळली.

“हे तुला ठाऊक होतं?” बाबांनी विचारले.

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सगळ्यांना इतकं कौतुकानं दाखवत होता, बाबा. तुम्हाला लागलं असतं.”

“लागलंच आहे,” बाबा म्हणाले. “पण तू पडली असतीस, म्हणजे मला काय कमी लागलं असतं? शिवण माझी चांगलीच आहे. जागा चुकली. चल, तेल आण.”

दोघांनी मिळून नळी पुसली. चिंधी पांढरी निघेपर्यंत बाबा थांबले नाहीत. नव्या फिल्टरला तेल चोळले, कडेला ग्रीस लावले आणि तो नीट बसला की नाही हे दोघांनी बोट फिरवून पाहिले. मला त्यांनी मैदानाच्या कचऱ्याच्या पिंपात टाकले. खाली उष्टे कागदी कप होते आणि वर माश्या. शी, शी, शी! पण तिथूनच मी आमच्या गाडीचा आवाज ऐकला. शेवटच्या फेरीपर्यंत ती एकदाही अडखळली नाही. मुलगी तिसरी आली, हे मला बाबांच्या ओरडण्यावरून कळले.

मित्रांनो, फिल्टर वेळेवर धुवा, हलक्या हाताने दाबा आणि फाटला की बदला. आमच्यावर माया करून आम्हाला ठेवून घेऊ नका. आणि आपल्या माणसाची चूक दिसली, तर ती त्याला त्याच दिवशी सांगा. त्याला वाईट वाटेल, दोन दिवस तो बोलणारही नाही. पण तुम्ही धडधाकट घरी आलात, तर त्याचा रुसवा काढायला तुम्ही असाल.