निंदलेलं रान

"रानफुलाला मालक नसतो. ते अवघ्या मानवजातीचं असतं," गायरानाच्या बांधावरल्या दगडावर चढून प्राध्यापक दिनकरराव म्हणाले. टोप्या घातलेल्या, भिंगं घेतलेल्या मानवजातीने वाकून पाहिलं. रानात एकही फूल नव्हतं.

दिनकररावांनी चष्मा पुसला. फूल तरीही नव्हतं. परभणीच्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि फाल्गुनातला हा रानफूल महोत्सव त्यांनी हिवाळाभर खपून उभा केला होता. पाहुण्यांना शोधत बसावं लागू नये म्हणून कालच त्यांनी शिपायाकरवी फुललेल्या प्रत्येक रोपाशेजारी तांबड्या चिंधीची काडी रोवून घेतली होती. आज त्या सगळ्या काड्यांची मोळी रानातल्या छपराच्या कुडाला टेकवलेली होती, आणि रान असं साफ की त्यावर पंगत बसवावी.

मोळीशेजारी रुख्मिणी उभी होती. हातातलं खुरपं तिने पदराआड घेतलं, पुन्हा बाहेर काढलं. काल त्या काड्या पाहिल्या तेव्हाच तिने ओळखलं होतं, या मोजणीच्या खुणा. नवरा सिताराम गंगाखेडकडे ऊसतोडीला गेलेला. घरात ती आणि सासू धुरपताबाई. नामांतराच्या दंग्यात गावातलं घर जळालं तेव्हा धुरपताबाई लेकरं घेऊन या तुकड्यावर आली होती. दगड वेचले, ज्वारी पेरली, तेव्हापासून पेरतच होते. जमीन सरकारची. नावावर करून द्या म्हणून अर्ज गेलेला. अर्ज गेला की साहेब येतो, खुणा रोवतो, आणि रान पडीक दिसलं की कब्जा नाही म्हणून लिहून मोकळा होतो, हे सगळ्या वस्तीला पाठ होतं.

म्हणून दोघी तांबडं फुटायच्या आत रानात उतरल्या होत्या. ज्वारीची धसकटं काढली, एकदांडी उपटली, विषारी धोतरा उपटला, भुईरिंगणी मुळासकट खणली. बोटांत काटे मोडले. पडीक म्हणायला कुणाला पानभर जागा ठेवली नाही.

आणि आता गर्दीतून जो पुढे आला तो माणूस रुख्मिणीने ओळखला. व्यंकटराव. तहसीलदार असताना साखळी घेऊन हेच रान मोजायला आले होते. तेव्हा मिशी काळी होती.

"मोजायला आलाव का जी?" धुरपताबाईने दिनकररावांना विचारलं.

"नाही हो. फुलं बघायला."

"कशाची?"

"गवताची," दिनकरराव रडवेल्या आवाजात म्हणाले.

"एवढी मान्सं? जीपा घिऊन?"

"होय."

सासूने सुनेकडे पाहिलं. साहेबलोक खोटं बोलतात हे दोघींना ठाऊक होतं. पण इतकं कच्चं खोटं अजून कुणी बोललं नव्हतं.

व्यंकटराव काठी टेकत रानात शिरले. मध्येच उकिडवे बसले, ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं. रुख्मिणी मागून गेली.

"गवताची काडी न्हाई, सायेब. बघा की. दर साली पेरतो आमी."

ते उठले. रानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे बांधाआड उपटलेल्या तणाचा ढीग होता. जांभळी, पिवळी फुलं अजून कोमेजली नव्हती. व्यंकटरावांनी ढिगाकडे पाहिलं, मग रुख्मिणीच्या हातांकडे. तिने हात लुगड्याला पुसले.

"दिनकरराव," त्यांनी हाक मारली, "तुमचा अहवाल कलेक्टर कचेरीत जातो ना?"

"जातो. पण आता लिहू काय त्यात?"

"लिहा. सदर ठिकाणी एकही रानफूल आढळले नाही. संपूर्ण जमीन वहितीखाली. खाली माझी सही घ्या, आणि या मंडळींच्याही."

"अहो, पण हा रानफूल महोत्सव आहे."

"म्हणूनच. इतक्या जाणकारांनी भिंगं लावून शोधलं आणि फूल सापडलं नाही. यापेक्षा पक्का पंचनामा मी उभ्या नोकरीत केला नाही."

रुख्मिणीला त्यातला एकच शब्द नीट कळला. वहितीखाली. तो तिने ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला, आणि खुरपं बांधावर ठेवलं.

दिनकररावांना मात्र ढीग दिसला होता. ते गुडघ्यांवर बसले, टोप्यांचं कडं त्यांच्याभोवती जमलं, आणि एकेक रोप उचलून त्यांनी पाकळ्या, परागकण, कूळ, सगळं सांगायला घेतलं. आवाज हळूहळू पूर्ववत झाला. बोलण्यात मानवजात पुन्हा एकदा आली.

धुरपताबाई बराच वेळ डोक्यावर पदर धरून थांबली. मग त्यांच्या खांद्यावरून वाकून हलकेच म्हणाली,

"मास्तर, बघून झालं आसंल तर त्यातला तेवढा धोतरा निवडून द्या. बाकीचं शेळीला टाकते."