न फुटणारी काच

भूकंपात घर वाचलं आणि आत्याही वाचली. यांपैकी पहिल्या गोष्टीचा भाच्याला मनापासून आनंद झाला.

आत्याची खोली मागे, डोंगराला चिकटून. तिच्या भिंतीला उभी भेग गेली होती. इंजिनिअरने भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली.

"हा डोंगर म्हणजे जुन्या ज्वालामुखीची राख," तो म्हणाला. "राखेचा दगड झाला, ऊनपावसानं दगडाची माती केली, आणि भूकंपानं ती खिळखिळी करून ठेवलीय. आता पाणी मुरलं की घसरणार. काच फुटली तर समजा, भिंत सरकतेय. त्याच दिवशी खोली रिकामी करा."

"आणि आत्याबाई?" भाचेसुनेने विचारलं.

"पुढे. तुमच्या खोलीत."

भाचेसुनेला भूकंपाचा खरा धक्का तेव्हा बसला.

दोन-तीन पाऊस झाले आणि काच तडकली. भाचेसुनेने ती खरवडून काढली आणि तिथे तेवढीच पारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावली. "बघू आता कशी फुटते."

"अगं, पण भिंत?" भाचा कुजबुजला.

"भिंतीचं काय, आज ना उद्या. आत्याबाईंचंही वय झालंय."

आत्या डोळे मिटून पडली होती. झोपेत ती घोरते. आज घोरत नव्हती. दोघांना शांतता बरी वाटली.

इंजिनिअर पुन्हा आला. दारातूनच त्याने पट्टीवर टॉर्च मारला. "वा! चरासुद्धा नाही. पुढची बाजू मात्र भरावावर आहे, या पावसात खांब खचलेत. छत उतरवावं लागेल. तोवर सगळे इथे झोपा. घरातली सगळ्यात भक्कम जागा!"

भाच्याने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

"तिघांची अडचण होईल," आत्या उठत म्हणाली. "मी धाकट्या बहिणीकडे जाते. किती वर्षं मागे लागला होतात, जा म्हणून!" तिची पिशवी भरलेलीच होती. "साहेब, यांचा पलंग तुमच्यादेखत आत लावून घ्या. पोरं भिडस्त आहेत. माझी खोली म्हणून बाहेर झोपतील."

भल्या इंजिनिअरने स्वतः एक बाजू उचलली. पलंग भिंतीला टेकला. इंजिनिअरची पाठ वळताच भेगेतून मूठभर ओली माती उशीवर पडली. पट्टी ताणली गेली, फुटली मात्र नाही.

"सूनबाई," आत्या दारातून म्हणाली, "रोज अभ्रा झटकत जा हो."

बाहेर पाऊस धरून आला होता. आत्याने छत्री उघडली.