माझे ब्रेक खराब नव्हते

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. रंग उडालाय, गादी फाटलीय, कबूल. पण माझे ब्रेक खराब नव्हते. कुणापुढेही सांगेन.

मी आलो तेव्हा मालकांची मुलगी शाळेतही जात नव्हती. सव्वीस वर्षं नांगर ओढला, उतारावर भरल्या ट्रॉलीसकट जागच्या जागी थांबलो. "हा माझा थोरला," मालक पाहुण्यांना सांगत.

दरवर्षी ते माझ्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढत. काम दोघांचं. मुलगी वर बसून पेडल दाबून धरी. मालक चाकापाशी आडवे होऊन पान्याने स्क्रू सैल करत, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर आले की आवळत आणि मगच "सोड" म्हणत. त्याआधी पाय उचलला, तर हवा परत आत.

त्या शेवटच्या दिवशी मुलीचा फोन वाजला. तिने पाय उचलला. मालकांना खालून दिसलं नाही. पेडल मऊच राहिलं.

"बाबा, आवरा ना!"

"थांब गं बये. माझा हात गेला, की या थोरल्याचं वय झालं? उद्या बघू."

ती फोन कानाला लावून घरात गेली. सकाळी मालक उठलेच नाहीत.

पुढे अकरा महिने माझ्या अंगावर रिकामी पोती होती. गादीत कोंबडीने अंडी घातली. मालकांचे धाकटे भाऊ म्हणाले, "जे दादाला जमलं नाही, त्यात आता काय राम? उद्या भंगारवाला येतोय."

मला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात मुलगी पाना घेऊन आली.

"काका, वर बसा."

"या डबड्यावर? मी?"

"बसा. दाबा. मी म्हणेपर्यंत पाय हलला तर याद राखा."

काका कुरकुरत बसले. ती वडिलांच्या जागी आडवी झाली. नवं तेल भरत, दोन्ही चाकांशी तिने पुन्हा पुन्हा तेच केलं. बुडबुडे संपले. काकांनी दाबलं, पेडल अर्ध्यावरच दगडासारखं थांबलं.

मित्रांनो, यंत्र बिघडलं की त्याला नावं ठेवायच्या आधी जरा स्वतःकडे बघा. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

"अरेच्चा!" काका म्हणाले. "म्हणजे दादाचाच हात चुकला म्हणायचा."

ती चाकाखालून बाहेर आली. हात तेलाने माखलेले.

"बाबांचा हात चुकला नव्हता, काका. पाय मी आधी उचलला होता."